एका फुंकरीची साक्ष

रात्रीची नाकाबंदी. बॅरिकेडजवळ गाडी थांबते, काच खाली होते आणि मुठीत मावेल एवढं एक यंत्र तोंडासमोर येतं. ‘फुंका. अजून... अजून... थांबू नका.’ छाती रिकामी होत येते तेव्हा यंत्राच्या पोटात एक बारीक ‘टक्’ आवाज होतो. काही सेकंदांत पडद्यावर आकडा उमटतो आणि ड्रायव्हर घरी जाणार की कोर्टात, हे ठरून जातं.

त्या ‘टक्’पाशी आपण जरा थांबू या. त्या क्षणी यंत्रातला चिमुकला पंप तुमच्या श्वासातला जेमतेम १ मिलिलिटर आत ओढून घेतो. चहाच्या चमच्याचा पाचवा भाग! आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ सांगतं की, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं हा गुन्हा. रक्तात बरोबर तेवढं अल्कोहोल असलेल्या माणसाच्या त्या १ मिलिलिटर श्वासात अल्कोहोल किती असतं? सुमारे ०.१४ मायक्रोग्रॅम. मिठाचा एक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा. त्या कणाचे चारशे तुकडे करा आणि त्यातला एक उचला. एवढ्याशा ऐवजावर न्यायाधीश निकाल देतात!

आणि खरी गंमत तर पुढे आहे. कायदा बोलतो रक्ताबद्दल. यंत्रानं रक्ताचा थेंबही पाहिलेला नसतो. त्यानं पाहिलेली असते हवा, आणि त्या हवेवरून त्यानं रक्ताविषयी तर्क केलेला असतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही. अमेरिकेत अशा खटल्यांचेच काम करणारे वकील आहेत. त्यांचा सगळा युक्तिवाद उकलून पाहिला, तर आपली आजी चुलीपाशी विचारायची तेच प्रश्न त्यात सापडतात. शीत वरचं घेतलंस की तळाचं? पातेलं याच भाताचं होतं ना? आणि चाखणाऱ्याची जीभ ठिकाणावर आहे का?

यातला एकेक प्रश्न शरीरशास्त्राच्या, रसायनशास्त्राच्या किंवा भौतिकशास्त्राच्या एखाद्या विलक्षण दालनात उघडतो. चला, आत शिरू.

आधी रक्तातलं अल्कोहोल श्वासात येतं कसं? तुमच्या फुप्फुसांत ३० कोटींच्या आसपास वायुकोश आहेत. ते सगळे उलगडून सपाट पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे छातीच्या पिंजऱ्यात आपण शहरातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढं क्षेत्रफळ घडी घालून बाळगतो! तिथे रक्त आणि हवा यांच्यातला पडदा एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. केसाची जाडी त्याच्या शंभरपटीच्या आसपास असते. रक्त त्या पडद्यालगत पाऊण सेकंदभर रेंगाळतं आणि तेवढ्यात देवाणघेवाण उरकते. अल्कोहोलचे काही रेणू हवेत उडी मारतात.

किती रेणू उडी मारणार? याला नियम आहे. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलली की वरचा दाब जातो आणि विरघळलेला वायू फसफसून बाहेर येतो. इंग्लंडच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये सांगितलं की, ठरावीक तापमानाला द्रवात विरघळलेला वायू आणि वरच्या हवेतला वायू यांचं प्रमाण पक्कं असतं. एक मोजा, दुसरं सांगता येतं. ब्रेथ ॲनालायझरचा सगळा डोलारा याच वाक्यावर उभा आहे. अमेरिकेतली यंत्रं धरून चालतात की, १ मिलिलिटर रक्तात जेवढं अल्कोहोल, तेवढं २,१०० मिलिलिटर श्वासात असतं. मग उरतो तो साधा गुणाकार.

पण २,१००च का? इंग्लंडच्या कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि १०० मिलिलिटर श्वासात ३५ मायक्रोग्रॅम. भागाकार करून पाहा. उत्तर येतं जवळजवळ २,३००! म्हणजे एकच फुंकर न्यूयॉर्कमध्ये रक्ताचा एक आकडा सांगेल आणि लंडनमध्ये दुसरा. याचं कारण सरळ आहे. हे प्रमाण माणसागणिक बदलतं, एकाच माणसात तासागणिक बदलतं, आणि कायद्याला मात्र एकच ठाम संख्या लागते. बहुतेकांचं खरं प्रमाण २,१००पेक्षा थोडं जास्तच असतं, त्यामुळे हा गुणाकार सहसा आरोपीला झुकतं माप देतो. नुकतीच पोटात गेलेली दारू रक्तात चढत असते, तेव्हा मात्र पारडं उलटू शकतं.

या चढणीवरच एक जुना बचाव उभा आहे. शेवटचा घोट घेतला, लगेच गाडी सुरू केली, पंधरा मिनिटांत पोलिसांनी अडवलं, आणि चाचणी झाली तासाभरानं. वकील विचारतो, गाडी चालवत होता तेव्हा ती दारू रक्तात होती की जेवणाखाली पोटातच अडकलेली होती? स्वीडनचे एरिक विडमार्क यांनी शंभरेक वर्षांपूर्वी यासाठीच गणित मांडलं: वजन किती, स्त्री की पुरुष, प्यायली किती, तास किती उलटले. चढून झाल्यावर रक्तातलं अल्कोहोल दर तासाला १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते २५ मिलिग्रॅमनं उतरतं. या १० आणि २५ मधली दरी बघा. त्या दरीत उभं राहून दोन तज्ज्ञ एकाच माणसाबद्दल दोन वेगळी उत्तरं देऊ शकतात, आणि दोघंही प्रामाणिक असतात.

आता शीत वरचं की तळाचं? तोंड हे फुप्फुसांचं दार आहे, आणि दारातच दारू सांडलेली असेल तर घरातल्या हवेचा अंदाज चुकणारच. माउथवॉश, खोकल्याची काही औषधं, होमिओपॅथीचे थेंब, आणि आपल्याकडची द्राक्षासवासारखी आसवं, ज्यांत आंबण्यातूनच अल्कोहोल तयार होतं. नुसती चूळ भरली तरी काही मिनिटं आकडा भलताच वर जाऊ शकतो. ढेकरेनं पोटातली वाफ वर आली तरी तेच. म्हणून चाचणीआधी १५ मिनिटं थांबण्याची पद्धत पडली. तेवढ्या वेळात लाळ तोंड धुऊन काढते.

मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते मात्र पुढच्या गोष्टीनं. पाठ्यपुस्तकातलं चित्र असं होतं: फुंकरीची सुरुवातीची हवा तोंडाची आणि नळ्यांची, शेवटची हवा थेट वायुकोशांतली, म्हणून शेवटची घ्यावी. अमेरिकेतले फुप्फुसांचे अभ्यासक मायकेल ह्लास्तला यांनी दाखवून दिलं की, हे चित्र अपुरं आहे. अल्कोहोलला पाण्याचं इतकं वेड की, ते वायुकोशांपर्यंत थांबतच नाही. श्वास आत जाताना श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरातूनच ते हवेत चढतं आणि श्वास बाहेर येताना वाटेत थोडं त्या अस्तरावर परत उतरतं. हवेचा प्रत्येक झोत जाता-येता भिंतींशी हिशेब करत असतो! म्हणून फुंकर जितकी लांबवाल तितका आकडा हळूहळू चढतच राहतो. सपाट, स्थिर असा तळ लागत नाही.

यातून काय काय निघतं बघा. १९८२ मध्ये स्वीडनमधले ए. डब्ल्यू. जोन्स यांनी लोकांना ३० सेकंद श्वास रोखून मग फुंकायला लावलं. आकडा सुमारे १५ टक्क्यांनी वाढला. रक्त तेच, दारू तीच! तापाचंही तसंच. शरीराचं तापमान १ अंशानं वाढलं की, श्वासातलं अल्कोहोल साडेसहा-सात टक्क्यांनी वाढतं, कारण हेन्रींचं प्रमाण तापमानाला बांधलेलं आहे. रक्तात २८ असलेला माणूस १ अंश तापात ३०च्या उंबरठ्याशी येऊन टेकतो. घाबरून श्वास कोंडून बसलेला आणि फणफणलेला माणूस नाकाबंदीला उभा राहिला, तर ह्या दोन्ही गोष्टी त्याच्या वकिलाला ठाऊक असायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

चाखणारी जीभ, म्हणजे यंत्र, हीसुद्धा सहजासहजी तयार झालेली नाही. १९२७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एमिल बोगेन यांनी माणसांचा श्वास साठवला तो फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये! मग इंडियाना विद्यापीठाचे रोला हार्गर यांनी फुगा वापरला. फुग्यातला श्वास जांभळ्या परमँगनेटमधून सोडायचा आणि रंग उडायला किती हवा लागली ते मोजायचं. यंत्राचं नाव ड्रंकोमीटर. १९३८च्या अखेरीस इंडियानापोलिसचे पोलीस ते रस्त्यावर वापरू लागले. त्याच इंडियानातल्या पोलीस खात्यात फोटोग्राफीचं काम केलेले रॉबर्ट बोर्केनस्टाइन होते. रंग किती बदलला हे डोळ्यांनी कशाला ठरवायचं, ते काम फोटोसेलला देऊ, हे सुचायला फोटोग्राफरचंच डोकं हवं! १९५४ मध्ये त्यांचं ब्रेथॲलायझर आलं. अल्कोहोलनं पिवळ्या डायक्रोमेटचा पिवळेपणा जितका घटवला, तितका आकडा वर.

पुढची यंत्रं रसायन सोडून प्रकाशाकडे वळली. अल्कोहोलचा रेणू ठरावीक अवरक्त किरण गिळतो; किती गिळले यावरून रेणू मोजायचे. पण ३.४ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण गिळणारे इतर रेणूही आहेत. मधुमेह हाताबाहेर गेला की श्वासात ॲसिटोन येतो, आणि तोही त्यातलाच. वकिलांनी हा मुद्दा लावून धरला. यंत्रं बनवणारे दुसरी तरंगलांबी तपासू लागले. मला या विषयाचं सौंदर्य इथे दिसतं. बचावाच्या प्रत्येक प्रश्नानं यंत्राला थोडं अधिक शहाणं केलेलं आहे.

आणि कधीकधी यंत्र अगदी बरोबर असतं, चुकत असतो तो आपलाच समज. बेल्जियममधल्या ब्रूज शहरात एका माणसाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडलं. प्यायलेलो नाही, असं तो सांगत राहिला. तीन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासलं आणि सांगितलं, खरंच आहे! त्याच्या आतड्यातले सूक्ष्मजीव पिष्टाचं अल्कोहोल बनवत होते. इडलीचं पीठ रात्रभर फुगतं, तशी त्याच्या पोटात भट्टी लागत होती. ‘ऑटो-ब्रुअरी सिंड्रोम’ असं या अतिदुर्मीळ आजाराचं नाव. एप्रिल २०२४ मध्ये कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. योगायोग असा की, तो कामाला होता बिअरच्याच कारखान्यात.

यंत्रच नसेल तर काय होतं, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलेलं आहे. अपघातातल्या ड्रायव्हरच्या तोंडाला वास होता, चाल डगमगती होती, बोलणं अडखळत होतं, बाहुल्या विस्फारलेल्या होत्या. डॉक्टरांनी तशी साक्ष दिली. पण रक्त किंवा लघवी तपासलेली नव्हती. न्यायालयानं म्हटलं, एवढ्यावरून हा माणूस नशेत होता असं पक्कं म्हणता येणार नाही. विचार करा, अपघाताच्या धक्क्यानं कुणाची चाल डगमगणार नाही? कायद्यानंही वेळेचं भान राखलेलं आहे. या गुन्ह्यात अटक झालेल्या माणसाची दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. रक्तातला पुरावा घड्याळाबरोबर विरत जातो, हे कलम लिहिणाऱ्यांना नीट ठाऊक होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगत आलो, ती अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातली.

तिथे ‘अल्कोटेस्ट ७११०’ नावाचं जर्मन बनावटीचं यंत्र आलं. एकाच श्वासाची दोन तऱ्हांनी परीक्षा करणारं, एकदा अवरक्त किरणांनी आणि एकदा विद्युत-रासायनिक घटानं. जणू एकमेकांची ओळख नसलेले दोन साक्षीदार. चाचणीआधी पोलीस अधिकारी २० मिनिटं आरोपीवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणार. मग दोन फुंकरी. बचावाच्या वकिलांनी थेट मागणी केली की, यंत्राच्या पोटातला संगणकीय प्रोग्राम आम्हाला वाचायला द्या. साक्षीदाराची उलटतपासणी करायची तर त्याच्या डोक्यात काय चाललंय हे नको का कळायला? प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला गेला. तिसऱ्यांदा फुंकायची वेळ आली तर गोंधळ करणारी एक चूक त्यात सापडली. २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं यंत्र विश्वासार्ह ठरवलं, पण ती चूक सुधारायला लावून. आणखी एक बारकावा न्यायालयानं टिपला. यंत्राला दीड लिटर श्वास लागत असे. साठीपुढच्या बायकांच्या छातीत तेवढा दम नसू शकतो, तेव्हा त्यांच्यासाठी १.२ लिटर पुरे. ‘फुंकायला नकार दिला’ म्हणून एखाद्या आजीबाईंना उगाच शिक्षा नको!

पण हे यंत्र खरं बोलतंय, हे तपासायचं कसं? इथे एक अजब वस्तू येते. एका बरणीत पाणी आणि मोजून घातलेलं अल्कोहोल. ते तापवायचं ३४ अंशांपर्यंत, कारण आपला श्वास बाहेर पडतो तो साधारण तेवढ्याच तापमानाला. मग त्यातून हवेचे बुडबुडे सोडायचे. वर जी वाफ येते, ती हुबेहूब दारू प्यायलेल्या माणसाच्या श्वासासारखी. बरणीनं माणसाचं सोंग घेतलेलं असतं! दारू किती, हे आपल्याला आधीच ठाऊक. यंत्रानं तोच आकडा दाखवला तर यंत्र खरं.

सगळी भिस्त त्या ३४ अंशांवर. एक अंश इकडेतिकडे झाला तर साडेसहा-सात टक्के चूक, आणि तीही पुढच्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला. मग ते ३४ अंश खरे कशावरून? थर्मामीटरवरून. आणि थर्मामीटर खरा कशावरून? वाण्याचा तराजू तपासायला निरीक्षक शिक्क्याची वजनं घेऊन येतो, ती वजनं त्याहून वरच्या वजनांशी ताडलेली असतात, आणि ही साखळी शेवटी राष्ट्रीय प्रयोगशाळेत जाते. थर्मामीटरचंही तसंच. न्यू जर्सीच्या नियमात लिहिलं होतं की, दर सहा महिन्यांच्या तपासणीत राष्ट्रीय मानकाशी जुळवलेल्या एका खास थर्मामीटरनं तापमान पाहायचं.

एका अधिकाऱ्यानं ही पायरी गाळली, असा आरोप २०१६ मध्ये झाला. एकच पायरी. काही मिनिटांचं काम. दुसरे थर्मामीटर होतेच की, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. पण त्यांची साखळी वरपर्यंत पोचत नव्हती. १३ नोव्हेंबर २०१८ रोजी न्यायालयानं निकाल दिला: त्या अधिकाऱ्यानं तपासलेल्या यंत्रांचे आकडे पुरावा म्हणून ग्राह्य नाहीत. किती जणांच्या फुंकरी बाद झाल्या? २०,६६७!

सगळेच सुटले असं नाही. पोलिसांनी पाहिलेलं, कॅमेऱ्यानं टिपलेलं उरलंच. त्यांतले कितीतरी जण खरोखर प्यायलेले असणार, आणि रस्त्यावर चालणारा माणूस म्हणून मला याची चीड येते. तरीही त्या २०,६६७ जणांच्या आकड्यांतला नेमका कुठला खोटा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि ज्याच्या खरेपणाची खूण पटवता येत नाही असा आकडा कुणाच्याही लायसन्सवर आणि अब्रूवर ठेवू नये, हे मला पटतं.

अल्कोटेस्टमधला दुसरा साक्षीदार राहिलाच, तो विद्युत-रासायनिक घट. नाकाबंदीला आपल्यासमोर येतं त्या हातातल्या यंत्रातही बहुधा तोच असतो. प्लॅटिनमच्या पत्र्यावर श्वासातलं अल्कोहोल पडतं, त्याचं व्हिनेगरमधलं आम्ल बनतं, आणि त्या बदलात प्रत्येक रेणूमागे काही इलेक्ट्रॉन सुटतात. इलेक्ट्रॉन वाहिले की वीज. वीज मोजली की रेणू मोजले. ‘टक्’ आवाजानंतरच्या काही सेकंदांत यंत्र अक्षरशः तुमच्या दारूवर चालणारी बॅटरी झालेलं असतं! १९७४ मध्ये टॉम पॅरी जोन्स यांनी वेल्समध्ये हा घट हातातल्या यंत्रात बसवला.

घट मात्र त्याहून कितीतरी जुना. तोही वेल्सच्याच माणसानं शोधलेला. स्वान्सीत १८११ मध्ये जन्मलेले विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ ते १८४२ या काळात प्लॅटिनम, आम्ल, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांतून वीज काढून दाखवली. आजचा फ्युएल सेल तो हाच. आणि हे ग्रोव्ह पेशानं कोण होते, सांगा पाहू? वकील! १८५६ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात विल्यम पामर नावाच्या डॉक्टरवर विषप्रयोगाचा प्रचंड गाजलेला खटला चालला. मृताच्या शरीरात स्ट्रिक्निन सापडलंच नव्हतं, तरी ते दिलं गेलं असं सरकारी तज्ज्ञ सांगत होते. प्रयोगशाळेला जे सापडलं नाही त्यावर माणसाला फाशी कशी देता, हा प्रश्न लढवणाऱ्या बचावाच्या वकिलांत ग्रोव्ह होते. खटला ते हरले. पामर फासावर गेला. १८७१ मध्ये ग्रोव्ह स्वतः न्यायाधीश झाले.

आज जगातल्या कुठल्या ना कुठल्या कोर्टात त्यांचा घट साक्षीला उभा असतो. समोर कुणीतरी काळा कोट सावरत उठतो आणि पहिला प्रश्न विचारतो, या यंत्राचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं?